कॅटच्या मॉकमधले गुण जागच्या जागी थांबले असतील तर: पेपर दिल्यानंतरच्या चार तासांचे काम

२०२२ च्या जुलै ते नोव्हेंबर या काळात मी कॅटच्या, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेच्या, २८ मॉक, म्हणजे सराव परीक्षा दिल्या. पहिल्या मॉकमध्ये मला १९८ पैकी ४१ गुण होते आणि अठ्ठाविसाव्या मॉकमध्ये ४६. पाच महिने नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार घालवून, मी पाच गुण मिळवले होते. परीक्षा झाल्यावर डिसेंबरमध्ये मी तो अठ्ठाविसावा पेपर पुन्हा उघडला आणि एकेक प्रश्न घेऊन हिशेब मांडला. मी ४० प्रश्न सोडवले होते, त्यांतले २१ बरोबर आणि १९ चूक होते. चुकलेल्या १९ पैकी ११ प्रश्न असे निघाले, की मला त्यांना हात लावण्याचे काहीच कारण नव्हते. न सोडवलेल्या २६ प्रश्नांपैकी ९ प्रश्न मी त्या दिवशी कोणाच्याही मदतीशिवाय प्रत्येकी दोन-तीन मिनिटांत सोडवले, आणि त्यांतले ६ तर परीक्षेच्या वेळी मी उघडूनही पाहिले नव्हते. ते ११ प्रश्न सोडले असते आणि त्यांवर घालवलेला वेळ या ९ प्रश्नांना दिला असता, तर माझ्या त्याच ज्ञानावर ४६ चे ८४ गुण झाले असते.

पुढच्या वर्षी मी फक्त १४ मॉक दिल्या, प्रत्येकीचा असाच हिशेब मांडला, आणि ऑक्टोबरनंतर माझे गुण ६५ ते ७५ च्या दरम्यान राहू लागले. कॅट २०२३ मध्ये मला ९७ च्या पुढे पर्सेंटाइल मिळाले. मी मराठी माध्यमात शिकलेलो आहे, शिकवणीचे वर्ग लावले नव्हते आणि दिवसाचे दोन-अडीच तासच माझ्या हाती होते. अशाच परिस्थितीत पहिल्यांदा तयारी करणाऱ्यांसाठी मी हे टप्पे लिहितो आहे.

१. आधी गुणांचे गणित नीट समजून घ्या

कॅट ही १२० मिनिटांची परीक्षा असून तिचे तीन विभाग असतात: इंग्रजी भाषा आणि आकलन म्हणजे व्हीएआरसी, माहितीचे विश्लेषण आणि तर्क म्हणजे डीआयएलआर, आणि गणित म्हणजे क्वांट. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे मिळतात, विभागांचा क्रम ठरलेला असतो, आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे एकूण ६८ प्रश्न होते. त्याआधीची तीन वर्षे ही संख्या ६६ होती. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण कापला जातो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे स्वतः भरायची असतात, ज्यांना सगळे टीटा म्हणतात, त्यांचे उत्तर चुकले तरी काहीही कापले जात नाही.

या नियमाचा परिणाम एका साध्या उदाहरणाने पाहा. क्वांटच्या २२ पैकी पर्यायांचे १२ प्रश्न सोडवून त्यांतले ६ बरोबर आणि ६ चूक आले, तर १८ वजा ६ म्हणजे १२ गुण होतात. दुसऱ्या विद्यार्थ्याने ८ च प्रश्न सोडवले आणि त्यांतले ७ बरोबर आले, तर २१ वजा १ म्हणजे २० गुण होतात. चार प्रश्न कमी सोडवून तो आठ गुणांनी पुढे जातो.

अंदाजाने उत्तर देण्याचेही गणित आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने चारांत एक बरोबर येतो आणि तीन चुकतात, म्हणजे हाती शून्य पडते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीन प्रश्नांमागे एक गुण हाती राहतो. मात्र येथे 'खात्रीने' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. माझ्या नोंदींनुसार मी अंदाजाने दिलेल्या उत्तरांपैकी पाचांत एकच बरोबर येत होते, कारण चुकीचे पर्याय अर्धवट समजलेल्या माणसाला बरोबर वाटावेत अशाच बेताने लिहिलेले असतात. तुमचे प्रमाण काय आहे ते चौथ्या टप्प्यातल्या नोंदींवरून कळेल, आणि ते कळेपर्यंत अंदाज करू नये. टीटा प्रश्न मात्र कधीही रिकामा सोडू नका.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे घरच्यांनाही एकदा समजावून सांगावे. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी कॅटला बसले; ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतले साधारण २,९०० जण तुमच्या बरोबरीला किंवा पुढे. गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्यांचे गुणही एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिले आहेत. शाळेत पेपर पूर्ण सोडवणे हा चांगल्या विद्यार्थ्याचा धर्म मानला जातो, त्यामुळे निम्मा पेपर सोडून उठणे मनाला पटत नाही. मला ते पटायला एक वर्ष लागले.

२. काय काय हाताशी लागेल

- माऊस जोडलेला संगणक किंवा लॅपटॉप. मोबाइलवर मॉक देऊ नका. परीक्षेत मोठ्या पडद्यावर उतारा वाचायचा असतो आणि टीटाची उत्तरे पडद्यावरच्या अंकफलकावर माऊसने भरायची असतात.
- कोरे कागद आणि साधे पेन. आखीव वहीवर सराव केला, तर परीक्षेत कोऱ्या कागदावर तक्ते वेडेवाकडे येतात.
- पडद्यावरचे कॅल्क्युलेटर. परीक्षेत तेच मिळते, म्हणून घरातला कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून द्यावा.
- एक जाड वही, चुकांसाठी. तिच्याविषयी पाचव्या टप्प्यात लिहिले आहे.
- एक्सेलचा एक तक्ता: मॉकचा क्रमांक, तारीख, वेळ, विभागवार सोडवलेले, बरोबर, चूक आणि न पाहिलेले प्रश्न.
- मागील वर्षांचे पेपर, आणि परीक्षेच्या आधी कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळणारी सराव चाचणी.
- मॉकची एकच मालिका. दोन मालिका विकत घेतल्या, की दोन्हींच्या पर्सेंटाइलची तुलना सुरू होते. प्रत्येक मालिकेत बसणारे विद्यार्थी वेगळे आणि काठिण्य वेगळे, त्यामुळे त्या तुलनेतून हाती काहीच लागत नाही.

३. मॉक परीक्षेसारखीच द्या

कॅटची तीन सत्रे असतात: सकाळी ८.३० ते १०.३०, दुपारी १२.३० ते २.३० आणि सायंकाळी ४.३० ते ६.३०. सुरुवातीला तिन्ही वेळांना मॉक देऊन पाहा, आणि प्रवेशपत्रावर तुमचे सत्र कळले की उरलेल्या सगळ्या मॉक त्याच वेळेला द्या. दुपारचे सत्र असेल तर जेवण कधी आणि किती करायचे हा प्रश्नही सरावानेच सुटतो. रात्री अकराला, दिवसभराचे काम आटोपून दिलेल्या मॉकचे गुण तुमची तयारी किती झाली हे सांगत नाहीत, तुम्ही किती थकला होता एवढेच सांगतात.

मॉक मध्येच थांबवू नका. दाराची बेल वाजली, आईने हाक मारली, म्हणून दोन मिनिटे थांबवलेली मॉक मोजायची नाही. आमचे घर दोन खोल्यांचे होते. मी दर रविवारी गावातल्या अभ्यासिकेत जाऊन बसत असे, आणि तिथली कुजबुज, खुर्च्यांचे आवाज यांचा पुढे परीक्षा केंद्रावर फायदाच झाला.

सर्वांत महत्त्वाची सवय ही: उत्तर दिल्याबरोबर कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहून त्यापुढे एक अक्षर लिहा. खात्री असेल तर 'ख', शंका असेल तर 'श', निव्वळ अंदाज असेल तर 'अ'. या कामाला प्रश्नामागे दोन सेकंदही लागत नाहीत. ही अक्षरे नसतील, तर निकाल पाहिल्यावर आपले मन चटकन 'हे मला येतच होते' असे म्हणते, आणि मग खरी चूक सापडत नाही.

४. उत्तरे पाहण्याआधी पेपर पुन्हा सोडवा

बहुतेक जण मॉक संपल्यावर गुण पाहतात, वाईट वाटून घेतात किंवा सुखावतात, चुकलेल्या प्रश्नांची स्पष्टीकरणे वाचतात, 'अरे, एवढेच होते' असे म्हणतात आणि पुढच्या मॉकच्या तयारीला लागतात. मी वर्षभर हेच केले. दुसऱ्याने सोडवलेले गणित वाचताना ते नेहमीच सोपे वाटते, पण त्याने आपला हात तयार होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. मॉक दिल्यावर तासभर विश्रांती घ्या. मग स्पष्टीकरणे न उघडता पेपर, वेळेचे बंधन न ठेवता, पुन्हा सोडवा: न सोडवलेले सगळे प्रश्न, आणि 'श' व 'अ' अशी खूण असलेले सगळे. प्रत्येक प्रश्नाला किती मिनिटे लागली ते लिहा. दहा-बारा मिनिटे झगडूनही सुटत नसेल तर सोडून द्या. त्यानंतर उत्तरे ताडून पाहा आणि प्रत्येक प्रश्न पुढीलपैकी एका खात्यात टाका.

पहिले खाते: परीक्षेत सुटला आणि खात्रीने सुटला. येथेही एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे वेळ. पाच मिनिटे खाऊन बरोबर आलेला प्रश्न अनेकदा तोट्याचाच असतो, कारण त्या वेळात दुसरे दोन सुटले असते.

दुसरे खाते: येत होता, पण आकडेमोडीत, वाचनात किंवा घाईत चुकला. 'किमान' आणि 'कमाल' यांची गल्लत, एकक न बदलणे, प्रश्नात क्ष विचारला असताना य चे उत्तर देणे, या चुका याच खात्यात येतात.

तिसरे खाते: परीक्षेत पाहिलाच नाही किंवा घाबरून सोडला, पण घरी तीन मिनिटांच्या आत सुटला. गुण सर्वांत लवकर वाढतात ते याच खात्यातून, आणि याच खात्याकडे कोणी पाहत नाही, कारण निकालाच्या पडद्यावर चुकलेले प्रश्न लाल दिसतात आणि न पाहिलेले प्रश्न निमूट करड्या रंगात पडून राहतात.

चौथे खाते: घरीही सुटला नाही, पण स्पष्टीकरण वाचल्यावर समजला. हा अभ्यासाचा विषय आहे, मॉकच्या तंत्राचा नाही.

पाचवे खाते: वाचूनही समजला नाही. हे प्रश्न सरळ सोडून द्या. त्यांच्या मागे लागून मी पहिल्या वर्षी कित्येक संध्याकाळी घालवल्या.

या सगळ्याला साडेतीन ते चार तास लागतात. एका बैठकीत होत नसेल तर दोन दिवसांत करा, पण त्याच आठवड्यात करा. आठ दिवसांनी त्या प्रश्नापाशी आपण काय विचार केला होता हे आठवत नाही. हे चार तास मिळणार नसतील, तर त्या आठवड्यात मॉक देऊ नका, असे मी अगदी गंभीरपणे सांगतो.

तिसऱ्या खात्यात दर वेळी पाच-सहापेक्षा जास्त प्रश्न येत असतील, तर तुमची अडचण वाचनक्रमाची आहे. त्यावरचा उपाय दोन फेऱ्यांचा. क्वांटमध्ये पहिल्या २० ते २२ मिनिटांत सगळेच्या सगळे २२ प्रश्न वाचून व्हायला हवेत: वाचताच वाट दिसली तर सोडवायचा, वाट दिसते पण लांबची आहे तर पुन्हा पाहण्याची खूण करून पुढे जायचे, वाट दिसतच नसेल तर खूणही न करता पुढे जायचे. दुसऱ्या फेरीत फक्त खूण केलेले प्रश्न घ्यायचे. विसावा प्रश्न सर्वांत सोपा असू शकतो, आणि तेराव्यावर अडकलेला माणूस तिथपर्यंत पोहोचतच नाही.

५. चुकांची वही कशी लिहावी

वहीत प्रश्न उतरवून काढू नका. प्रत्येक चुकीसाठी दोन ओळी पुरेत: मी काय केले, आणि काय दिसायला हवे होते. उदाहरणार्थ, माझ्या वहीतली एक नोंद काळ-कामाच्या गणिताची आहे. एक काम अ १२ दिवसांत आणि ब १८ दिवसांत करतो. दोघांनी ४ दिवस काम केल्यावर अ निघून गेला, तर उरलेले काम ब किती दिवसांत करील? मी शाळेतल्या सवयीने १/१२ आणि १/१८ हे अपूर्णांक मांडून बसलो, उत्तर बरोबर आणले, पण तीन मिनिटे घालवली. काम लसावि इतके, म्हणजे ३६ भागांचे मानले, तर अ रोज ३ भाग आणि ब रोज २ भाग करतो, चार दिवसांत २० भाग होतात, उरलेल्या १६ भागांना ब ला ८ दिवस लागतात, आणि हे सारे तोंडी होते. वहीत मी लिहिले: 'अपूर्णांक मांडले. लसावि घ्यायला हवा होता.' बरोबर आलेल्या प्रश्नाचीही अशी नोंद होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

दर पाच मॉकनंतर वही पहिल्या पानापासून वाचा. माझ्या वहीत एकच वाक्य नऊ वेळा आले होते: 'प्रश्नाची शेवटची ओळ नीट वाचली नाही.' त्यानंतर मी प्रत्येक गणित शेवटच्या ओळीपासून वाचू लागलो, आणि दुसऱ्या खात्यातले प्रश्न पुढच्या चार मॉकमध्ये निम्म्यावर आले.

६. तिन्ही विभागांना वेगवेगळे वागवा

व्हीएआरसीमध्ये २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, म्हणून मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याने शब्दार्थांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा उताऱ्यांवर वेळ द्यावा. आपली खरी अडचण शब्दांची नसते. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, पर्यावरण, अर्थकारण अशा विषयांवरच्या उताऱ्यांमध्ये लेखक आधी दुसऱ्याचे मत मांडतो, मग त्यावर आक्षेप घेतो, मग थोडे मान्य करतो, आणि आपण पहिल्या परिच्छेदातले मत लेखकाचेच समजून चालतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: इंग्रजी उतारा वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर त्याचे म्हणणे एका मराठी वाक्यात लिहायचे. वाक्य लिहिता आले नाही, तर परिच्छेद समजलेला नाही, मग त्यातला प्रत्येक शब्द माहीत असला तरी. महिनाभर असे रोज दोन उतारे केले, की लिहिण्याची गरज उरत नाही. मराठी वृत्तपत्रातला अग्रलेख घेऊनही हाच सराव करता येतो: संपादकाचे म्हणणे कोणते, तो कोणाचे म्हणणे खोडतो आहे, उदाहरण कोठे सुरू होते आणि कोठे संपते.

पर्याय तपासताना चार सापळे ओळखायला शिका: उताऱ्यापेक्षा मोठा दावा करणारा पर्याय, एरवी खरा पण उताऱ्यात नसलेला पर्याय, 'ओन्ली', 'ऑल्वेज', 'नेव्हर' असे शब्द घालून टोकाला नेलेला पर्याय, आणि उताऱ्यातलेच शब्द घेऊन कारण व परिणाम उलटे करणारा पर्याय. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीपुढे यांपैकी कोणता सापळा होता ते लिहा. दहा-बारा नोंदींनंतर तुम्ही नेहमी कोणत्या सापळ्यात अडकता ते दिसून येईल. वाक्यांचा क्रम लावण्याचे प्रश्न टीटा असतात, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत त्यांत काही ना काही उत्तर भरलेच पाहिजे.

डीआयएलआरमध्ये निवड हाच अभ्यास आहे, त्यामुळे या विभागावर थोडे सविस्तर लिहितो. येथे प्रश्न संचांत येतात, म्हणजे एकाच माहितीवर चार-पाच प्रश्न. २०२४ मध्ये पाच संच होते, काही चार आणि काही पाच प्रश्नांचे. संचाचा पायाच चुकला तर चार प्रश्नांच्या संचात १२ गुण मिळण्याऐवजी ४ गुण जाऊही शकतात. एका चुकीच्या गृहीतकाने १६ गुणांचा फरक पडतो. म्हणून पहिली पाच मिनिटे पेन खाली ठेवून सगळे संच वाचा आणि त्यांना क्रम द्या. तक्त्याच्या ओळी आणि रकाने किती ते वाचताच कळत असेल, काही घरांतली माहिती थेट दिलेली असेल, आणि प्रश्नांत ठरावीक संख्या विचारलेली असेल, तर तो संच आधी घ्यावा. 'पुढीलपैकी कोणते विधान असू शकते', 'कमाल किती असू शकेल' असेच सगळे प्रश्न असतील, तर तिथे अनेक शक्यता उघड्या राहणार, म्हणून तो मागे ठेवावा. संच लांब आहे म्हणून तो अवघड असे समजू नका. लांब संचात माहिती जास्त दिलेली असते, आणि तीन ओळींच्या संचात ती आपल्याला शोधावी लागते.

एका संचाला आठ मिनिटे देऊनही तक्ता निम्मा भरला नसेल, तर उठायचे. हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, कारण 'इतका वेळ घातलाच आहे, तर आणखी दोन मिनिटे' असे मन सांगते. मी मनगटी घड्याळ समोर ठेवून घरी हा सराव मुद्दाम केला: संच सुटत आला असला तरी आठव्या मिनिटाला प्रगती तपासायची आणि निर्णय मोठ्याने बोलायचा. परीक्षा केंद्रावर घड्याळ नेता येत नाही, पण पडद्यावर उलटी वेळ दिसत असते. संच सुरू करताना ती कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. सुरुवातीला पाचांपैकी दोन संच पूर्ण आणि बिनचूक, एवढेच ध्येय ठेवा.

क्वांटमध्ये अंकगणित आणि बीजगणित मिळून निम्म्याहून अधिक प्रश्न येतात. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, नफा-तोटा, मिश्रण, सरासरी, काळ-काम-वेग हे सगळे आपण शाळेत आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळी मराठीतून केलेले असते. इंग्रजी संज्ञांची भीती पहिल्या पंधरवड्यातच घालवून टाका: संज्ञा इंग्रजीत, पण डोक्यातला विचार मराठीत चालला तरी काही बिघडत नाही. चौथ्या खात्यात ज्या प्रकरणाचे प्रश्न वारंवार येतात तेच प्रकरण पुढच्या आठवड्यात घ्या. संभाव्यता आणि क्रमचय-संचय यांच्यामागे महिना घालवून अंकगणित कच्चे ठेवणारे मी बरेच पाहिले आहेत.

७. किती मॉक, कधी

जुलैमध्ये पंधरवड्याला एक, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्याला एक, ऑक्टोबरपासून आठवड्याला फार तर दोन. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी असते, त्यामुळे शेवटची पूर्ण मॉक त्या आधीच्या मंगळवारपर्यंत द्यावी. अभ्यासक्रम संपल्यावर मॉक सुरू करीन असे ठरवू नका, कारण काय शिकायचे राहिले आहे हे मॉकच सांगते.

एकदा ठरवलेला क्रम किमान तीन मॉक पाळा. एका वाईट मॉकनंतर दोन फेऱ्यांऐवजी एक फेरी, मग पुन्हा दोन, असे करत राहिलात तर कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही. गुणांकडे पाहतानाही तीन-तीन मॉकची सरासरी पाहा. ५८ नंतर ४४ आले, तर आधी त्या पेपरचे काठिण्य आणि आपले तिसरे खाते पाहावे, आणि गुण वाईट आले त्याच रात्री दुसरी मॉक देऊ नये. मी ते दोनदा केले आणि दोन्ही वेळा आणखी खाली गेलो.

८. अर्जाची कागदपत्रे मॉकच्या आड येऊ देऊ नका

कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात, नेमके त्याच वेळी मॉकची लय लागत असते. त्यामुळे जुलैमध्येच ही तयारी करून ठेवा: छायाचित्र आणि स्वाक्षरीची स्कॅन प्रत, दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, नोकरी करत असाल तर रुजू झाल्याच्या तारखा, आणि लागू असेल तर प्रवर्गाचे प्रमाणपत्र. येथे महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी फसतात. आयआयएम या केंद्राच्या संस्था असल्यामुळे इतर मागास वर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागते. राज्याची यादी आणि केंद्राची यादी एकच नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्रासाठी' असे स्पष्ट सांगा. माझ्याजवळ राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र होते, आणि ते बदलून घेण्यासाठी घातलेल्या फेऱ्यांत सप्टेंबरच्या दोन मॉक बुडाल्या.

परीक्षेच्या दिवशी छापील प्रवेशपत्र आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. ओळखपत्रावरचे नाव आणि अर्जातले नाव एकच आहे ना, हे अर्ज भरतानाच पाहावे.

९. कॅटनंतर एमबीए सीईटी देणार असाल तर सवय बदला

जमनालाल बजाज, सिडनहॅम यांसारख्या मुंबईतल्या संस्थांकडे ज्यांचे लक्ष आहे, ते कॅटनंतर राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटीही देतात. तिचे गणित अगदी निराळे आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. २०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांच्या तर्काचे, ५० गणिताचे आणि ५० भाषेचे असतात. कॅटसाठी मेहनतीने लावलेली प्रश्न सोडण्याची सवय येथे थेट गुण घालवते. माझ्या पहिल्या सीईटी मॉकमध्ये मी सवयीने ६१ प्रश्न कोरे सोडले होते.

येथे तिसरे खाते सर्वांत मोठे होते, म्हणून पाच खात्यांची वही चालू ठेवा, मात्र दोन गोष्टी बदला. एक, दर ५० प्रश्नांना साधारण ३७ मिनिटे असा टप्पा धरून मागे पडलात की पुढे उडी घ्या. दोन, शेवटची पाच मिनिटे फक्त उरलेल्या सगळ्या प्रश्नांत काही ना काही पर्याय भरण्यासाठी राखून ठेवा, आणि हे भरण्याचे कामही मॉकमध्ये प्रत्यक्ष करा. साठ-सत्तर प्रश्नांवर जाऊन माऊसने टिचक्या मारायला किती वेळ लागतो, याचा अंदाज हाताला असलेला बरा.